लहान मुलांसोबत कमी खर्चात काय काय करता येईल?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांची, धाकटा सव्वाचारचा. राहायला पुण्यात सिंहगड रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर. अंगण नाही. गॅलरीच्या ग्रिलमध्ये तुळस, कढीपत्ता, गोकर्ण आणि दोन-तीन गुलाब, एवढीच काय ती हिरवळ.

पाऊस लागला की शनिवार-रविवार पोरं घरात कोंडली जातात. बाहेर पडायचं म्हटलं की जो तो मॉलमधल्या प्ले झोनचं नाव घेतो. तिथे दोघांचं तासाभराचं तिकीट, वर त्यांचे ते खास मोजे, वर खाणं. आठवड्याच्या भाजीचे पैसे एका संध्याकाळी उडतात, आणि येताना दोघंही दमून चिडचिडे झालेले असतात.

मला क्लास नकोत. व्हिडिओ बघून करायच्या हस्तकलाही नकोत, कारण त्यांच्या सामानाची यादीच लांबलचक असते. घरातल्या वस्तूंनी होईल किंवा चालत, फार तर पीएमटीने जाऊन करता येईल असं काहीतरी सांगा. दोघांना एकत्र करता यावं, आणि मी सारखं शेजारी बसून 'आता हे चिकटव, आता ते काप' म्हणायची गरज पडू नये. तुम्ही स्वतः पोरांबरोबर केलेलं असेल तेच लिहा, प्लीज.

चिंचोका

आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकलेला खेळ म्हणजे दुकान-दुकान. प्लॅस्टिकची खोटी फळं नाहीत. खरे तांदूळ, खरी तूरडाळ, राजमा, चिंचोके. नारळाच्या दोन करवंट्यांना कडेला तीन-तीन भोकं पाडायची, सुतळी ओवायची आणि लाकडी पट्टीच्या दोन टोकांना टांगायच्या. पट्टीच्या बरोबर मध्ये एक दोरा, झाला तराजू. तो पहिल्यांदा हमखास एका बाजूला झुकतो, आणि तिथे आपण हात घालायचा नाही. माझ्या मुलाने बराच वेळ दोन्ही करवंट्यांकडे बघितलं, मग हलक्या बाजूच्या सुतळीला कपड्यांचा चिमटा लावला. पट्टी सरळ झाली तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

वजनं म्हणून एक रुपयाची नाणी. माल बांधायला रद्दीच्या त्रिकोणी पुड्या. एकदा वळायला शिकवलं की पोरं दिवसभर पुड्या वळत बसतात. तुझी लेक बिलं आणि उधारीची वही लिहील, धाकटा माल मोजून देईल. खेळ संपल्यावर मिसळलेल्या डाळी ताटात घेऊन निवडायला लाव. तोही त्यांना खेळच वाटतो आणि धान्य परत डब्यात जातं.

रानजाई

सोनचाफा, कढीपत्ता आहे म्हणालीस, मग एवढ्या एका कुंडीवर तुझा पावसाळा निघेल. कोवळ्या पानांवर नीट बघ. साबुदाण्यापेक्षाही लहान, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं चिकटलेलं असेल, किंवा पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी काळं-पांढरं दिसेल. ते पुसू नकोस! ती लिंबू फुलपाखराची किंवा मॉर्मन फुलपाखराची अळी. शीटेसारखं रूप हे तिचं सोंग, पक्ष्यांना फसवायचं.

फांदी कापून पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवायची. बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करायचं, नाहीतर अळी खाली उतरून पाण्यात बुडते. ही बाटली एका मोठ्या बरणीत, बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर. रोज ताजी पानं द्यायची आणि खाली पडलेली विष्ठा झटकायची. पानं स्वतःच्या कुंडीतलीच घ्या. बाजारातल्या कढीपत्त्यावर फवारणी असू शकते, त्याने अळ्या मरतात.

आता गंमत. अळी कात टाकत वाढते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते, जणू कोणी रात्रीत बदलून ठेवली. डोक्यामागे डोळ्यांसारखे ठिपके. काडीने हळूच स्पर्श केला की डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे पुन्हा पुन्हा बघायचं असतं; दिवसातून एकदाच, असा नियम घालून दे. पुढे एके दिवशी ती खाणं सोडते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. आजारी पडली असं वाटून मुलं घाबरतात. ती जागा शोधत असते. मग काडीला शेपटाकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन मागे रेलते आणि कोष करते.

कोष गडद दिसायला लागला, आतून पंखांची नक्षी दिसायला लागली की समज, उद्या सकाळी. पहाटेच उठा. बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले आणि ओले असतात. त्याला वर चढून लटकायला काडी हवीच. पंख पसरायला जागा मिळाली नाही तर ते कायमचे वाकडे राहतात. लालसर थेंबही पडतो. ते रक्त नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेव. तास-दोन तासांनी गॅलरीत सोडून द्यायचं. अंड्यापासून इथपर्यंत साधारण महिना जातो.

कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखा किडा निघतो, कारण त्याच्या आईने अळीतच आपली अंडी घातलेली असतात. मुलं हिरमुसतात. पण मी ते लपवत नाही. त्यावर आमच्याकडे फार चांगल्या गप्पा झाल्या आहेत.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच कुळातलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला.

मनमोकळी

वाचायला सगळं छान आहे, पण मनापासून सांगते, दडपण येतं. मी सकाळी साडेआठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. आल्यावर कुकर लावायचा की अळ्यांची बरणी साफ करायची? आजकाल आईने स्वयंपाक, नोकरी, अभ्यास हे सगळं करून वर रोज एक 'अ‍ॅक्टिव्हिटी' घ्यायची अशी अपेक्षा असते. आमच्या आयांनी आमच्याबरोबर कुठे काय केलं होतं? आम्ही आपले खेळायचो.

नाशिकचे_आबा

मनमोकळी, तुमचं म्हणणं मला पटतं. तुमच्या आईने वेगळं काही केलं नसेल, पण तिच्या कामात तुम्ही होतात. वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर कावळे हाकलायला कोण बसायचं? पापडाच्या लाट्या कोण पळवायचं? त्या कामाला आता 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात एवढंच.

माझी नात पाच वर्षांची. संध्याकाळी सूनबाई घरी आल्या की मी तिला ओट्याजवळ स्टूल देतो. मटार सोलणं हे तिचं काम. प्रत्येक शेंगेत किती दाणे, ते ती मोठ्याने सांगते. सर्वांत जास्त दाण्यांची शेंग आईला दाखवायची. रविवारी रात्री मटकी भिजवायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मंगळवारी मोड किती आले ते पट्टीने मोजायचं आणि त्याची उसळ खायची. स्वतः बांधलेल्या पुरचुंडीतली उसळ ती मागून घेते. एरवी ताटात उसळ बघून तोंड फिरवायची. ताक करणे, मोज्यांच्या जोड्या लावणे, धुतलेले रुमाल घडी करणे, कणकेच्या गोळ्याचा हत्ती करून तव्यावर भाजणे, या सगळ्याला वेगळा वेळ लागत नाही. काम थोडं सावकाश होतं, सांडलवंड होते. ती चालवून घ्यावी.

मात्र काम खरं हवं. आपण तिने केलेली घडी तिच्यादेखत मोडून पुन्हा घातली, की दुसऱ्या दिवसापासून ती कामाला येत नाही.

मनमोकळी

आबा, मोज्यांच्या जोड्या आजच लावल्या. धन्यवाद.

पालवी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धागा आवडला, म्हणून काही गोष्टी ठळक करून सांगते. कृपया गांभीर्याने घ्या.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, राजमा, मणी, नाणी यांचे खेळ त्याच्या हाती लागणार नाहीत असेच खेळा. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते, हे माप लक्षात ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणेही चार-पाच वर्षांपर्यंत खेळता खेळता तोंडात टाकू देऊ नका. जुनी खेळणी उघडताना त्यातले बटण सेल सांभाळा. असा सेल मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. काही तासांतच तो अन्ननलिका जाळतो.

दुसरं झाडांचं. आपल्यापैकी कित्येक जण लहानपणी पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी, बिट्ट्यांनी खेळलो आहोत. त्या विषारी आहेत. चघळल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. गुंजा दिसायला सुंदर, पण फोडून चावली तर जीवघेणी. धोतऱ्याचं फळही तसंच. पानं-फुलं-बिया गोळा करायला मुलांना जरूर न्या, पण ही चार झाडं आधी त्यांना ओळखायला शिकवा. चार वर्षांचं मूल हे सहज शिकतं. फुलपाखरांच्या अळ्या रुईवरही असतात; त्या बघायला जाल तेव्हा पान तोडून निघालेला चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.

आणि पाण्याचे खेळ मोठं माणूस समोर असतानाच. बादलीभर पाणीही रांगत्या बाळाला धोक्याचं असतं.

रानजाई

पालवी, फार बरं झालं लिहिलंत. रुईवरच्या अळ्यांचं मी पुढे लिहिणारच होते, आता तुमची सूचना वर ठेवूनच लिहीन.

प्रयोगवही

सोनचाफा, गोकर्णाचा वेल निळ्या फुलांचा असेल तर रविवारची सकाळ ठरली. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाक, पाणी गर्द निळं होईल. तीन वाट्यांत ओत. एका वाटीत लिंबू पिळ, जांभळं-गुलाबी होतं. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा, हिरवट छटा येते. तिसरी तशीच ठेव. मग मुलांना स्वयंपाकघरातलं काय काय घालून बघायचं ते त्यांनाच ठरवू दे: चिंचेचा कोळ, ताक, साबणाचं पाणी, मीठ. रंग बदलेल की नाही, हे घालण्याआधी प्रत्येकाने सांगायचं.

तसाच हळदीचा गुप्त संदेश. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा आणि वाळवा. साबणाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून त्यावर लिहिलं की अक्षरं लाल उमटतात. त्यावर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी. हळदीचं कुंकू याच युक्तीने होतं, चुना आणि हळदीतून. आजीला हे विचारायला सांग, तिच्याकडे आणखी गोष्टी निघतील. कपड्यांवर हळद बसते, तेव्हा जुने फ्रॉक घालूनच बसवा.

बालवाडीताई

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते. इथे सगळे जे लिहीत आहेत ते आपल्या बालशिक्षणाच्या मुळाशीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. माँटेसोरीची साधनं महाग, खेड्यात परवडणार कशी? म्हणून शिंपले, बिया, पानं, बांबू, दगडगोटे, परिसरात जे मिळेल त्यातून साधनं तयार झाली. लहान-मोठं लावणं, मोजणं, रंग जुळवणं, पोत ओळखणं हे सगळं त्यांतून होतं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच वाडीतल्या अंगणात नेली; गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. स्वस्त म्हणून ते शिक्षण कमी दर्जाचं झालं नाही. मुलांच्या हाताला ओळखीच्या वस्तू मिळाल्या, म्हणून ती रमली.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचे त्रिकोण, चौकोन, घरं करून बघा. नळीचे बारीक तुकडे कापायचे आणि दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. हे सात वर्षांच्या मुलीला बोटांनी कळतं. काड्यांचा गूल आधी काढून टाका. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांची कृती फुकट आहे, मराठीतूनही.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. मराठी चित्रकथा मोफत वाचता येतात, उतरवून छापताही येतात. मी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून मधोमध शिवते. मुलांना स्वतःच्या हाताने शिवलेलं पुस्तक फार प्रिय असतं.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपुराकडे सण म्हणजेच मुलांचा खेळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांचे खरे बैल, पोरांचे लाकडी बैल. घरात आजोबांच्या वेळचा एखादा लाकडी नंदी असतोच. नसेल तर पुठ्ठ्याचा करा, चाकांना बाटल्यांची झाकणं. आठवडाभर आधीपासून सजवणं चालतं: शिंगांना बेगड, पाठीवर जुन्या साडीच्या काठाची झूल, गळ्यात घुंगरू. मग तो घेऊन घरोघरी जायचं, लोक बोजारा देतात, म्हणजे खाऊ किंवा थोडे पैसे. आम्ही आता सोसायटीत करतो. पुण्यातही करता येईल, त्यात काय अडचण?

सोनचाफा

किती सुंदर लिहिताय सगळे! कढीपत्त्यावर खरोखरच दोन 'शीटा' सापडल्या, बरणी तयार आहे. तराजूसाठी करवंट्या ठेवल्या आहेत.

एक विचारू का? लेक आता दर थोड्या वेळाने 'आई, कंटाळा आला' म्हणते. धाकटा गुंगतो, ती नाही. तिला लगेच काहीतरी द्यावं की थांबावं?

नाशिकचे_आबा

थांबावं, असं माझं मत. पण तिला हाताशी चार वस्तू असू द्याव्यात. आमच्याकडे एक खोका आहे: सुतळी, रिकाम्या आगपेट्या, बाटल्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका, कापडाच्या चिंध्या, पुठ्ठे, डिंकाची बाटली, बोथट कात्री. त्यातून काय करायचं ते आम्ही कधी सांगत नाही. नातीने दोन आगपेट्यांना दोरा बांधून टेलिफोन केला. दोरा ताणला तरच ऐकू येतं, हे तिचं तिने शोधलं.

चिंचोका

मी आबांशी थोडा असहमत. सात वर्षांचं मूल कंटाळा म्हणतं तेव्हा कधीकधी त्याला आपणच हवे असतो. माझी लेक असं म्हणाली की मी पंधरा मिनिटं पत्ते घेऊन बसतो. भिकार-सावकार, बदाम सात. सावकार झाली की स्वारी खूश, आणि मग आपली आपण दुसऱ्या खेळाला लागते. धाकट्यालाही भिकार-सावकार जमेल, त्यात डावपेच काही नाहीत. फुल्ली-गोळा, नाव-गाव-फळ-फूल, सागरगोटे हे सगळं बिनखर्चाचं. सागरगोटे नसतील तर छोटे गोल खडे चालतात.

नाशिकचे_आबा

हेही खरं. पत्ते मी धरलेच नव्हते.

भायखळ्याचा_बाबा

मुंबईकरांसाठी. आम्ही एका खोलीत चौघं राहतो, त्यामुळे आमचं सगळं बाहेरच. मुलाला सर्वांत आवडणारी सहल म्हणजे बेस्टची डबलडेकर. जुन्या लाल गाड्या २०२३ मध्ये बंद झाल्या, आता वातानुकूलित इलेक्ट्रिक आहेत, पण वरच्या मजल्यावरची पुढची सीट मात्र तशीच. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, वडापाव खायचा, परत यायचं. मी त्याला एक काम देतो: आज फक्त घड्याळं मोजायची, आज फक्त पिंपळ, आज फक्त गाढ झोपलेली कुत्री. रात्री तो ते सगळं आईला सांगतो.

राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघून निघून येतात. तिथली झाडं बघा. गोरखचिंचेचं खोड मुलांना मिठी मारायला सांगा, हात पोहोचतात का बघा. पावसात नेहरू विज्ञान केंद्र चांगलं, सगळीकडे हात लावायला मुभा असते.

रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, तेव्हा धाकट्याला घेऊन लोकलने कर्जत-कसाऱ्यापर्यंत नुसतं जाऊन या. दुपारची वेळ निवडा, खिडकी मिळते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना हिरवं असतं.

लंडनची_मैना

आमच्याकडे सगळं महाग, तरी मुलांसाठी बरंच फुकट आहे. नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, ब्रिटिश म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, फुकट. आम्ही एका वेळी एकच दालन बघतो, डबा घेऊन जातो. ऑगस्ट-सप्टेंबरला रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवरून ब्लॅकबेरी तोडायच्या, घरी मुरांबा. शरदात हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी, गुळगुळीत बिया गोळा करायच्या (त्या खायच्या नाहीत!). मुलगी त्यांचे सागरगोटे खेळते. आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. सुरुवातीला आजीला कॅमेऱ्यात हात दिसावा म्हणून फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवायचो, आता दोघी मिळून रोज एक डाव खेळतात.

आणि आजीला पत्र. आमच्याकडून तिकीट महाग पडतं, पण भारतातल्या भारतात पोस्टकार्डाला रुपयाही लागत नाही. मुलाने स्वतः पेटीत टाकलेलं पत्र आजीकडे पोहोचतं, मग ती उत्तर लिहिते. या वाट बघण्यात मुलं फार रमतात.

मृदगंध

पुण्यासाठी माझी भर. तळजाई टेकडी तुम्हाला जवळ. पाऊस उघडला की सकाळी जा, सोबत फक्त एक भिंग न्या. मृगाच्या पावसानंतर लाल मखमली किडे दिसतात, पुढे गोगलगायी, लाजाळू. श्रावण-भाद्रपदात रानतेरडा फुलतो; त्याच्या पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फट्‌कन उकलून बिया उडवते. माझी मुलं एका झुडपापाशी अर्धा तास बसली होती.

पाऊस सरत आला की सकाळी बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा असतो. लांब देठं एकमेकांत गुंफून, दोऱ्याशिवाय वेणी होते. सात वर्षांच्या मुलीला हे नक्की जमेल. मे महिन्यात गुलमोहराच्या कळ्या सोलून पाकळ्यांची लाल नखं, आणि केसरांची झुंज. दोघांनी केसरांची टोकं एकमेकांत अडकवायची आणि ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो हरला.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या धाकट्याला मोजायला लावा. तुमच्याच रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातले तळ्यातले रंगीत मासेही बघून या, तिकीट किरकोळ आहे.

वेळास_ते_वेंगुर्ला

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी लिहितो. लोक समुद्रावर येतात, घोडागाडी, उंट, भेळ करून जातात. मुलांना ओहोटीच्या वेळी न्या. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मध्ये भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या रांगा. ते बारक्या खेकड्यांचं काम. खेकडा वाळू तोंडात घालतो, त्यातलं अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एका गोळ्यांच्या रांगेपासून चार हातांवर गुडघ्यावर बसायचं आणि अजिबात हलायचं नाही. थोड्या वेळाने भोकातून आधी डोळे येतात. मग खेकडा बाहेर येऊन भराभर गोळ्या टाकायला लागतो. कोणी सावली पाडली की गडप. चार वर्षांचं मूलही इथे पुतळ्यासारखं बसतं, मी पाहिलं आहे. भरती आली की सगळी नक्षी पुसते. पुढच्या ओहोटीला खेकडे पुन्हा नव्याने मांडतात.

रिकामे शिंपले वेचा, पण वेचलेला शंख आत कोणी राहत नाही ना हे बघून घ्या. साधुखेकडे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतात. पाच मिनिटं तळहातावर शांत धरला तर आत कोणी आहे का ते कळतं.

मनमोकळी

आम्ही यंदा गणपतीला मालवणला सासरी जातोय. ओहोटी कधी असते हे कसं कळणार? तेव्हा मुलीला तुम्ही सांगितलेले खेकडे दाखवायचे आहेत.

वेळास_ते_वेंगुर्ला

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी. म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. ऋषिपंचमीला पावणेदहा, षष्ठीला साडेदहा. रोज पाऊण तासाने पुढे सरकते. प्रतिपदेपासून मोजायचं, आणि वद्य पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून गावात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना विचारून खात्री करा. सात-आठ वर्षांच्या मुलांना कॅलेंडर देऊन हा हिशेब करायला लावा, खूप आवडतो त्यांना.

भाद्रपदात समुद्र खवळलेला असतो. पाण्यात उतरू देऊ नका, ओल्या वाळूवरच बसा. दगडांवर शेवाळ असतं, तिकडे नेऊ नका. आणि चतुर्थीला सकाळी घरात मूर्ती आणायची, पूजेची गडबड असणार, तेव्हा पंचमीची सकाळ धरा.